एकच आडनाव, निरनिराळे लेखक : ग्रंथप्रदर्शनासाठी कोणते आडनाव घ्यावे?

वाचनालय कार्यकर्ती, धरमपेठ, नागपूर

नमस्कार. धरमपेठेतील एका लहानशा वाचनालयाच्या कामात मी मदत करते. येत्या २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने वाचनकक्षातील काचेच्या कपाटात एक छोटे ग्रंथप्रदर्शन मांडायचे ठरले आहे. दरवर्षी आपण एखादा लेखक किंवा एखादा वाङ्मयप्रकार निवडतो. या वेळी एक आडनाव निवडावे आणि त्या आडनावाच्या, पण एकमेकांशी नाते नसलेल्या लेखकांची पुस्तके शेजारीशेजारी ठेवावीत, अशी माझी सूचना आहे.

ही कल्पना आमच्या कपाटांवरूनच सुचली. आमच्याकडे पुस्तके अजूनही विषयवार लावलेली नसून लेखकाच्या आडनावाच्या अनुक्रमाने लावलेली आहेत. त्यामुळे कुलकर्ण्यांच्या फळीवर कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश', जी. ए. कुलकर्णी यांचा 'काजळमाया' हा कथासंग्रह आणि आपल्या नागपूरच्या द. भि. कुलकर्णी यांचा 'दुसरी परंपरा' हा समीक्षाग्रंथ एकमेकांना टेकून उभे असतात. एक भाषाशास्त्रज्ञ, एक धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारा कथाकार आणि एक नागपूर विद्यापीठात मराठी शिकवलेला समीक्षक, यांना एकत्र आणणारी गोष्ट आडनावाखेरीज दुसरी नाही. तरीही कथासंग्रह न्यायला आलेला वाचक अशा फळीसमोर थांबतो, शेजारचा कोश काढून चाळतो आणि कधी कधी तोही नोंदवून घरी नेतो. विषयवार रचनेत ही गाठ पडलीच नसती, आणि हीच गाठ मला प्रदर्शनात घालून द्यायची आहे.

मला जाणकारांकडून दोन गोष्टींवर मार्गदर्शन हवे आहे. कुलकर्णी, जोशी, देशपांडे, देशमुख, पाटील या आडनावांपैकी नागपूरच्या वाचकाला कोणते अधिक जवळचे वाटेल आणि त्यात लेखनाचे वैविध्य कुठे जास्त सापडेल? दुसरी अडचण अशी की, एकत्र मांडलेली नावे पाहून लोक त्यांना एकाच घराण्यातले समजतात. हा समज होऊ नये म्हणून फलकावर काय लिहावे? कपाट एकच आहे आणि त्यात साधारण दोन फळ्यांवर पुस्तके मावतात, हे लक्षात घेऊन कृपया सुचवावे.

मराठीचा प्राध्यापक, अमरावती मार्ग, नागपूर

ताई, कल्पना उत्तम आहे. नागपुरात प्रदर्शन असेल तर देशपांडे हेच आडनाव घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यामागे केवळ संख्येचे कारण नाही.

देशपांडे म्हटले की बहुतेक वाचकांच्या तोंडी पहिले नाव पु. ल. देशपांडे यांचे येते, आणि ते स्वाभाविकही आहे. 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'बटाट्याची चाळ', 'अपूर्वाई', 'तुझे आहे तुजपाशी' ही नावे घराघरांत माहीत आहेत. परंतु त्याच पुरस्काराच्या यादीत आणखीही देशपांडे आहेत, आणि त्यांपैकी पुढील तिघे विदर्भातले आहेत. पु. य. देशपांडे यांना १९६२ साली 'अनामिकाची चिंतनिका' या तत्त्वचिंतनपर ग्रंथासाठी, कवी अनिल म्हणजेच आत्माराम रावजी देशपांडे यांना १९७७ साली 'दशपदी'साठी आणि मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांना १९८६ साली 'खूणगाठी' या संग्रहासाठी हा पुरस्कार मिळाला. आपल्या शहरातल्या कपाटात ही चार पुस्तके एका ओळीत मांडली, तर ज्यांना केवळ पु. ल. ठाऊक आहेत अशा वाचकांना आपल्याच भागातले तीन मोठे लेखक भेटतील. माझ्या दृष्टीने या प्रदर्शनाचे खरे मोल त्यात आहे.

पु. य. देशपांडे यांच्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण त्यांचे नाव आजच्या विद्यार्थ्यांच्या कानावर फारसे पडत नाही. त्यांची 'बंधनाच्या पलीकडे' ही कादंबरी १९२७ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील धीट विचारांमुळे त्या काळी तिची मोठी चर्चा झाली. ज्याने तारुण्यात अशी कादंबरी लिहिली, तोच लेखक पुढे चिंतनपर ग्रंथासाठी गौरवला जातो, हा प्रवास ही दोन पुस्तके शेजारी ठेवली तरच दिसतो. गांधीवादी कार्यकर्त्या आणि राज्यसभेच्या सदस्य निर्मला देशपांडे या त्यांच्या कन्या, हेही फलकावर द्यावे; नागपुरातल्या ज्येष्ठ वाचकांना तो धागा लगेच लागेल. ना. घ. देशपांडे यांची गोष्ट वेगळी आहे. मेहकरला वकिली करणाऱ्या या कवीची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि ध्वनिमुद्रिकेमुळे ती महाराष्ट्रभर पोहोचली. ती कविता अनेकांना पाठ असते. कवी आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला आहे, हे मात्र सांगावे लागते.

आता नात्याच्या प्रश्नाकडे येतो. 'नाते नसलेले लेखक' ही अट देशपांडे आडनावाला काटेकोरपणे लावता येणार नाही, आणि लावूही नये असे मला वाटते. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे हे पतिपत्नी होते. कुसुमावती या माहेरच्या जयवंत. 'दीपकळी', 'मोळी' यांसारख्या संग्रहांतील त्यांच्या कथा आणि 'पासंग'मधील समीक्षालेख आजही वाचनीय आहेत. १९६१ साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. या संमेलनाच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष होत. विवाहापूर्वी दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे 'कुसुमानिल' या पुस्तकात आहेत. त्यांना नात्यामुळे वगळले तर नागपूरच्या वाङ्मयीन जीवनाचा मोठा भागच कपाटाबाहेर राहील. त्याचप्रमाणे 'आहे मनोहर तरी' लिहिणाऱ्या सुनीता देशपांडे या पु. लं.च्या पत्नी, हे सर्वश्रुत आहे. म्हणून अशा जोड्यांचे नाते फलकावर स्पष्ट लिहावे, म्हणजे उरलेल्यांचे वेगळेपण आपोआप ध्यानात येईल.

गौरी देशपांडे यांना तर आवर्जून घ्यावे. हे आडनाव त्यांना विवाहाने मिळाले. त्या इरावती कर्वे यांच्या कन्या आणि महर्षी कर्वे यांच्या नात. 'एकेक पान गळावया'सारखे कथात्म लेखन त्यांच्या नावावर आहेच. शिवाय रिचर्ड बर्टनच्या 'अरेबियन नाइट्स'चा सोळा खंडांचा मराठी अनुवादही त्यांनी केला. एक खंड जरी कपाटात ठेवलात तरी त्या कामाचा आवाका लोकांना कळेल. कमलाबाई देशपांडे यांचे 'स्मरणसाखळी' हे आत्मकथनही मिळाल्यास ठेवावे, त्या न. चिं. केळकर यांच्या कन्या. आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या शशी देशपांडे या कन्नड नाटककार श्रीरंग म्हणजेच आद्य रंगाचार्य यांच्या कन्या. त्यांच्या 'दॅट लाँग सायलेन्स' या कादंबरीला १९९० सालचा साहित्य अकादमीचा इंग्रजीसाठीचा पुरस्कार आहे. माहेर पाहिले तर एक कर्वे, एक केळकर, एक धारवाडच्या रंगाचार्यांच्या घरातली. तिघीही देशपांडे झाल्या त्या विवाहाने. आडनावावरून घराणे ओळखू पाहणाऱ्याला या तिघींची पुस्तके जितके समजावून सांगतील तितके कोणताही फलक सांगू शकणार नाही.

निवृत्त ग्रंथपाल, महाल, नागपूर

प्राध्यापक महोदयांनी पुस्तके सुचवली आहेत. मी मांडणी आणि नोंदी यांविषयी लिहितो, कारण आयुष्यभर तेच काम केले.

देशपांडे, देशमुख, कुलकर्णी, पाटील ही आडनावे मुळात वतनांची आहेत. परगण्याच्या हिशेबाची दप्तरे सांभाळणारा तो देशपांडे, परगण्याची वसुली आणि बंदोबस्त पाहणारा तो देशमुख, गावचे हिशेब लिहिणारा कुलकर्णी आणि गावचा प्रमुख तो पाटील. परगणे अनेक होते, गावे तर असंख्य, आणि प्रत्येक ठिकाणी ते काम वेगळ्या घराण्याकडे असे. म्हणून यवतमाळचे देशपांडे आणि बेळगावचे देशपांडे यांच्यात रक्ताचे नाते असण्याचे काहीच कारण नसते. फलकावर एवढाच खुलासा चार ओळींत द्यावा. मात्र 'हे लेखक एकमेकांचे नातलग नाहीत' असे विधान सरसकट करू नये. दूरच्या नात्यांचा पत्ता लावणे सोपे नसते. एखाद्या वाचकाने येऊन 'ते माझ्या आजोबांचे चुलतभाऊ' असे सांगितले तर फलक उतरवावा लागेल. 'एक आडनाव, अनेक लेखक' हे शीर्षक पुरेसे आणि सुरक्षित आहे.

एकाच आडनावाचे लेखक वेगळे ओळखता यावेत म्हणून ग्रंथालयात आम्ही नेहमी तीन गोष्टी पाहतो : आद्याक्षरांमागचे पूर्ण नाव, जन्मवर्ष आणि विषय. आपण 'पु. ल.' आणि 'पु. य.' एवढेच लिहिले तर नवख्या वाचकाची गफलत होते. 'देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण (१९१९–२०००)' आणि 'देशपांडे, पुरुषोत्तम यशवंत (१८९९–१९८६)' असे लिहिले की दोघांचे पहिले नाव एकच असल्याचे कळते आणि ते दोन वेगळे लेखक असल्याचेही कळते. अनुक्रमाने लावताना 'य' हे अक्षर 'ल'च्या आधी येते; म्हणून फळीवर पु. य. हे पु. लं.च्या आधी ठेवावेत. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण ज्या लेखकाचे नाव एरवी मागे पडते तो येथे नियमानेच पुढे येतो.

टोपणनावांचे काय करायचे, हेही आधी ठरवून ठेवावे. ज्या नावाने पुस्तक छापले गेले त्या नावाखाली मुख्य नोंद आणि मूळ नावाखाली 'पाहा' अशी जोडनोंद, ही आमची पद्धत. म्हणजे 'दशपदी' हे पुस्तक एरवी 'अ' अक्षराखाली अनिल या नावाने लागेल आणि देशपांड्यांच्या फळीवर फक्त एक चिठ्ठी राहील : 'देशपांडे, आत्माराम रावजी : पाहा अनिल'. तुमच्या प्रदर्शनात पुस्तक फळीवर आणावे आणि ही चिठ्ठी त्याच्याजवळ उभी करावी. नोंद कशी करतात हे त्यातून विद्यार्थ्यांनाही दिसेल. उलटा प्रकारही सांगण्यासारखा आहे. केशवसुत आणि 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिणारे मोरो केशव दामले हे सख्खे भाऊ. परंतु एकाची कविता केशवसुत या नावाखाली आणि दुसऱ्याचे व्याकरण दामले या नावाखाली लागल्यामुळे ही भावंडे कपाटात एकमेकांपासून दूर पडतात. आडनावाची फळी परक्यांना शेजारी आणते आणि टोपणनाव सख्ख्यांना दुरावते.

आणखी एक सूचना. यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हे १९२५ सालचे पुस्तक कोठे मिळाल्यास अवश्य ठेवावे. महानुभावांच्या प्राचीन मराठी ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वळवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. ललित लेखकांच्या रांगेत एक संशोधक असला म्हणजे कपाटाला वजन येते. त्यांच्याबरोबर वाङ्मयेतिहासकार अ. ना. देशपांडे यांच्या 'प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास' या ग्रंथाचा एखादा भाग ठेवला तर ती बाजू पुरी होईल.

एक वाचक, मनीषनगर, नागपूर

आडनाव लहान असले तरी चालणार असेल तर टिळकांचा विचार करावा. 'गीतारहस्य' लिहिणारे लोकमान्य बाळ गंगाधर टिळक आणि 'ख्रिस्तायन' हे काव्य लिहायला घेणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक, दोघेही कोकणातल्या घराण्यांतले आणि एकाच काळातले. अनेक जण त्यांना जवळचे नातलग समजतात, तसे ते नव्हते. लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' हे मराठीतील अत्यंत जिवंत आत्मचरित्र या रेव्हरंड टिळकांच्या घरातले आहे, आणि त्यात नागपूर आहे : आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळक येथे राहिले तो काळ लक्ष्मीबाईंनी मोठ्या मनमोकळेपणाने सांगितला आहे. तीनच पुस्तके लागतील, पण कर्मयोगाचे विवेचन, ख्रिस्तचरित्र आणि एका गृहिणीचे आत्मकथन इतकी लांबची टोके तीन पुस्तकांत एरवी सापडणार नाहीत.

इतिहासाचा वाचक, सक्करदरा, नागपूर

वरील सर्व सूचना चांगल्या आहेत. परंतु देशपांडे, कुलकर्णी, जोशी ही आडनावे घेतली की लेखक बहुतांशी एकाच सामाजिक थरातले राहतात. पुस्तकांचे विषय बदलतात, पण लिहिणाऱ्यांचे जगणे फारसे बदलत नाही. आडनावामुळे किती वेगवेगळी माणसे एका फळीवर येतात हेच दाखवायचे असेल, तर काळे हे आडनाव घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवतो. ते कोणत्याही वतनाशी बांधलेले नाही आणि महाराष्ट्रात अनेक समाजांत आढळते.

बुलढाण्याचे यादव माधव काळे यांच्यापासून सुरुवात करावी. 'वऱ्हाडचा इतिहास' आणि 'नागपूर प्रांताचा इतिहास' हे त्यांचे दोन मोठे ग्रंथ अनुक्रमे १९२४ आणि १९३४ साली प्रसिद्ध झाले. नागपूरकर भोसल्यांविषयी किंवा गोंड राजांविषयी मराठीत काही वाचायचे झाले की आजही वाचक शेवटी याच पुस्तकांपाशी येतो. नागपूरच्या वाचनालयात हे ग्रंथ पुढच्या फळीवर असावेत, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. त्यांच्या शेजारी मोरेश्वर रामचंद्र काळे यांचे संस्कृत व्याकरण किंवा त्यांनी टीपांसह संपादित केलेले कालिदासाचे एखादे नाटक ठेवावे. त्यांनी इंग्रजीतून लिहिले, आणि संस्कृतचे विद्यार्थी अद्यापही त्यांच्या आवृत्त्या वापरतात.

त्यानंतर व. पु. काळे येतात. मुंबई महापालिकेत वास्तुविशारद म्हणून नोकरी करता करता त्यांनी 'पार्टनर', 'वपुर्झा' यांसारखी पुस्तके लिहिली, आणि कथाकथनाच्या कार्यक्रमांतून ते गावोगावी पोहोचले. तरुण वाचक कपाटाजवळ येतील ते बहुधा वपुंच्या नावाने. त्यांचे वडील पु. श्री. काळे हे चित्रकार, रंगभूमीसाठी पडदे रंगवणारे. त्यांच्याविषयी वपुंनी 'व. पु. सांगे वडिलांची कीर्ती' हे पुस्तक लिहिले आहे. या फळीवर पिता आणि पुत्र यांचे नाते एवढेच एक आहे, आणि ते एका पुस्तकातच नमूद झालेले आहे.

आणि मग किशोर शांताबाई काळे. १९९४ साली प्रसिद्ध झालेले 'कोल्हाट्याचं पोर' हे त्यांचे आत्मकथन म्हणजे तमाशात नाचणाऱ्या आईच्या मुलाने शिकून डॉक्टर होईपर्यंत सोसलेल्या दिवसांचा वृत्तान्त आहे. मधले नाव वडिलांचे लावायचे ही आपल्याकडची रीत; त्या जागी त्यांनी आईचे नाव लावले आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ते तसेच छापले. २००७ साली, ऐन उमेदीच्या वयात त्यांचे निधन झाले. वर प्राध्यापकांनी विवाहाने आलेल्या आडनावांचा मुद्दा मांडला आहे. त्याला या पुस्तकाची जोड मिळाली तर नाव कुणाकडून येते, या प्रश्नाची दुसरी बाजूही पुढे येईल.

शेवटी आपल्या नागपूर विद्यापीठात मराठीचे अध्यापन केलेले अक्षयकुमार काळे. २०१७ साली डोंबिवलीला झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. गालिबच्या उर्दू काव्याचा अर्थ मराठी वाचकाला उलगडून सांगणारा त्यांचा ग्रंथ अवश्य ठेवावा. प्रांताचा इतिहास, संस्कृत व्याकरण, मुंबईच्या मध्यमवर्गाच्या कथा, कोल्हाटी समाजातील आत्मकथन आणि गालिबवरचे भाष्य हे सारे एका आडनावाखाली येते, आणि तेही पाचच लेखकांत.

मराठीचा प्राध्यापक, अमरावती मार्ग, नागपूर

काळे आडनावाच्या सूचनेला माझा विरोध नाही. उलट किशोर काळे यांच्या पुस्तकाविषयी जे लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्णतः सहमत आहे. मात्र वतनी आडनावे म्हणजे एकच सामाजिक थर, हे विधान देशमुखांना लागू पडत नाही, एवढे नोंदवतो. 'शतपत्रे' लिहिणारे लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरि देशमुख हे पुण्याच्या ब्राह्मण घराण्यातले. त्यांचे मूळ आडनाव सिधये. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख हे शेतकरी मराठा घराण्यातले. त्यांचे मूळ आडनाव कदम. वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमाविषयी आणि विकासाविषयी त्यांनी ऑक्सफर्डला इंग्रजीत प्रबंध लिहिला, तो पुढे ग्रंथरूपाने निघाला, आणि स्वातंत्र्यानंतर ते देशाचे कृषिमंत्री झाले. सिधये आणि कदम या दोन घरांनी स्वतंत्रपणे एकच वतनी नाव धारण केले आणि शंभर वर्षांनंतर दोघांची पुस्तके एका अक्षराखाली आली. ग्रंथपाल महोदयांनी वतनांविषयी जे सांगितले त्याचा याहून स्वच्छ दाखला माझ्या पाहण्यात नाही.

त्याच फळीवर रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांनी केलेला 'मेघदूता'चा मराठी अनुवाद ठेवता येईल. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई या आंध्रच्या, संविधान सभेच्या सदस्य. 'चिंतामण आणि मी' हे त्यांचे आठवणींचे पुस्तक आहे. आणि बुलढाणा जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही कादंबरी तर अनिवार्यच आहे. कोरडवाहू शेती आणि शिकून बेकार राहिलेला शेतकऱ्याचा मुलगा यांचे इतके प्रामाणिक चित्रण मराठीत थोडे आहे; तिला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कृषिमंत्र्यांचा ग्रंथ आणि ही कादंबरी शेजारी ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

वाचनालय कार्यकर्ती, धरमपेठ, नागपूर

सर्वांची मी अत्यंत ऋणी आहे. समितीशी बोलून असे ठरवले आहे की, वरच्या फळीवर देशपांडे आणि खालच्या फळीवर काळे मांडावेत. देशमुखांची मांडणी १ मे रोजी, महाराष्ट्र दिनाच्या प्रदर्शनासाठी राखून ठेवली आहे. तेव्हा पंजाबराव आणि 'बारोमास' ही जोडी मध्यभागी असेल. 'स्मृतिचित्रे'मधील नागपूरच्या प्रकरणांचे वाचन आम्ही स्वतंत्रपणे ठेवणार आहोत. फलकाचे शीर्षक 'एक आडनाव, अनेक लेखक' हेच राहील, आणि प्रत्येक चिठ्ठीवर पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची वर्षे, गाव आणि विवाहाने आडनाव बदलले असल्यास माहेरचे आडनाव एवढा तपशील असेल.

ग्रंथपाल काकांना एक विचारायचे आहे. या. मा. काळे यांच्या 'नागपूर प्रांताचा इतिहास' या ग्रंथाची जुनी प्रत एका सभासदांनी घरून आणून देण्याचे कबूल केले आहे. ती उघडून ठेवावी की मिटून? आणि जी पुस्तके मिळणार नाहीत त्यांच्या जागा रिकाम्या ठेवाव्यात का?

निवृत्त ग्रंथपाल, महाल, नागपूर

प्रत मिटूनच ठेवावी. त्या काळातील कागद बहुधा पिवळा पडून ठिसूळ झालेला असतो, आणि पुस्तक बरेच दिवस एकाच पानावर उघडे राहिले तर शिवण सुटते. आत काय आहे ते दिसावे म्हणून शीर्षकपृष्ठ आणि अनुक्रमणिका यांची मोबाइलवर छायाचित्रे काढून, ती छापून पुस्तकाशेजारी लावावीत. जुन्या प्रतीची पाने यंत्रावर दाबून झेरॉक्स काढू नये. आपल्याकडे फेब्रुवारीच्या अखेरीस दुपारचे ऊन कडक व्हायला लागते, म्हणून कपाट खिडकीसमोर असल्यास त्या बाजूला पडदा लावावा. मालकाचे नाव आणि प्रत स्वीकारल्याची तारीख नोंदवून त्यांना पोच द्यावी.

न मिळालेल्या पुस्तकांच्या जागा रिकाम्या ठेवू नयेत. तेथे पुठ्ठ्याची उभी पट्टी ठेवून तिच्यावर लेखकाचे पूर्ण नाव आणि पुस्तकाचे नाव लिहावे, आणि खाली 'ही प्रत आपल्याकडे असल्यास कृपया वाचनालयाला कळवावे' अशी विनंती करावी. महालातल्या आणि बर्डीवरच्या जुन्या घरांतून अशी पुस्तके अजून निघतात. यशवंत खुशाल देशपांडे यांच्या पुस्तकासाठी ही पट्टी आजच तयार करून वाचनकक्षात लावली, तर २७ तारखेपर्यंत पुरेसा अवधी मिळेल.